येतो म्हणून सांगून

‘‘उद्या आपण सगळे सोन्याच्या खाणीवर जाऊ या,’’ असे जावईबापूंनी रात्री जेवताना जाहीर केले आणि सौ.च्या हातातला घास हातातच राहिला. ४५ वर्षांच्या संसारात मी तिला सराफाच्या दुकानापर्यंत नेतानासुद्धा दहा सबबी सांगितलेल्या. आणि हा जावई थेट खाणीवरच घेऊन निघाला होता! तिने माझ्याकडे एकदा नुसते पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ विवाहित वाचकांना फोड करून सांगायला नको.

‘‘आई, पण खाण बंद आहे हं,’’ बेबी घाईघाईने म्हणाली. ‘‘शंभर वर्षं होऊन गेली बंद पडून.’’

‘‘तरीच!’’ सौ. म्हणाली आणि तिने घास तोंडात घातला.

आम्ही उभयता गेल्या फेब्रुवारीत लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. पण ती सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. नेहमीच्या वाचकांना आठवत असेल, गेल्या दिवाळीत याच जागी मी आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या जिन्यावर दोन पाने खर्ची घातली होती. तो जिना आता जाणार. जिनाच काय, सगळी इमारतच पाडून तिथे नवी उभी राहायची आहे. प्रत्येक सभासदाला आहे त्याहून थोडी मोठी जागा मिळायची. शिवाय ज्याला आणखी एक खोली हवी असेल, त्याने पदरचे पैसे भरून ती आताच मागून घ्यायची. तसा एक छापील कागद सेक्रेटरींनी प्रत्येकाच्या हाती दिला होता. ‘हवी’ किंवा ‘नको’ यांपैकी एकावर काट मारून मार्चअखेर सही करून द्यायचा.

दिसायला किती सोपा प्रश्न! पण आमच्या घरात ती ‘आणखी एक खोली’ म्हणजे बेबीची खोली. १७ वर्षांपूर्वी जावईबापूंना इकडे काम मिळाले, तेव्हा बेबी आमच्या दारात चपला घालता घालता म्हणाली होती, ‘‘दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, बाबा. येते हं.’’ त्या दिवसापासून तिचे टेबल, तिच्या एम.एस्सी.च्या पुस्तकांचा गठ्ठा, खिडकीतला मनीप्लँट, सगळे जिथल्या तिथे आहे. सौ. दर शनिवारी ती खोली पुसून काढते. खोली कोणासाठी ठेवली आहे, हे आम्ही एकमेकांना कधी विचारले नाही.

तर असा तो कागद माझ्या बॅगेत औषधांच्या डब्याखाली तीन आठवडे पडून होता. बेबीला एकदा स्पष्ट विचारावे म्हणून रोज सकाळी चहाच्या वेळी मी घसा खाकरी. आणि बेबी म्हणे, ‘‘बाबा, खोकला झाला का? थांबा, काढा करते.’’ तीन आठवड्यांत मी बराच काढा प्यालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सौ.ने दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. जावईबापूंनी गाडीत पाण्याच्या बाटल्याच बाटल्या भरल्या. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असा तिथला हिशेब. आम्ही जाणार होतो ते ठिकाण म्हणजे जोशुआ ट्री नॅशनल पार्क, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला मोटारीने अडीच-तीन तासांवर. हा प्रदेश १९३६ साली सरकारने राखीव केला आणि १९९४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यान म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे संभाजी बाग, कारंजे आणि भेळ. इथे पाहावे तर कोसच्या कोस वाळू, घरांएवढे गोल गोल धोंडे, आणि मध्ये मध्ये हात वर करून उभी राहिलेली ती जोशुआची झाडे. झाडे म्हणायचे इतकेच. कुळ आपल्या घायपाताचे. खोडावर वाळलेल्या पानांचा झगा आणि फांदीच्या टोकाला हिरव्या सुऱ्यांचा झुबका.

‘‘आजोबा, ती झाडं ना, टीचरला उत्तर सांगायला हात वर करतात,’’ आमची दहा वर्षांची नात म्हणाली. मला विचाराल तर ती बसच्या थांब्यावर हात करणाऱ्या पुणेकरांसारखी दिसत होती; पण पोरीला ते कळले नसते.

वाळवंट म्हणजे उकाडा, अशा समजुतीने मी पातळ सदरा घालून आलो होतो. गाडीचे दार उघडले मात्र, आणि वाऱ्याने अंगावर काटा उभा राहिला. ती खाण समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून उंच, हे जावईबापूंनी मी कुडकुडायला लागल्यावर सांगितले. शेवटी सौ.ची शाल डोक्यावरून घेऊन अस्मादिक सोन्याच्या शोधात निघाले.

वाट काही अवघड नव्हती. जाऊन-येऊन ४ मैल. जुन्या काळी गाड्या जात तोच हा रस्ता. चढ आहे, पण पर्वतीच्या पायऱ्यांची सवय असलेल्याने घाबरू नये इतपतच. आमचे जावईबापू वाटेतली प्रत्येक पाटी वाचून मगच पुढे पाऊल टाकणारे. घरून निघतानाच त्यांनी या खाणीचा सगळा इतिहास वाचून घेतला होता, आणि दम लागलेला सासरा पळून जाऊ शकत नाही, हेही त्यांनी हेरलेले असावे. पण गोष्ट ऐकता ऐकता मी दम लागल्याचे विसरलो, हे कबूल केले पाहिजे.

या खाणीचे नाव ‘लॉस्ट हॉर्स’, म्हणजे हरवलेला घोडा. जॉनी लँग नावाचा एक गुराखी गेल्याच्या मागल्या शतकात, १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, या भागात गुरे घेऊन आला. त्याचा घोडा हरवला. माग काढीत तो एका टोळीच्या तळावर पोचला. ती टोळी गुरे चोरण्याबद्दल प्रसिद्ध. ‘तुझा घोडा आता हरवलेला नाही, तू चालू लाग,’ अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी त्याला हाकलले. पुढे त्याला फ्रँक डीबोल्ड नावाचा माणूस भेटला. त्याला सोन्याचा दगड सापडला होता, पण त्याच टोळीच्या धाकाने तो खणायला धजत नव्हता. लँगने आपल्या बापाच्या साथीने १,००० डॉलरला तो हक्क विकत घेतला आणि टोळीच्या भीतीने आणखी भागीदार जोडले. घोडा गेला आणि खाण आली!

‘‘याला म्हणतात नशीब,’’ सौ. म्हणाली. ‘‘आपला मात्र स्कूटर चोरीला गेली तेव्हा पोलीस चौकीत दिवस गेला फक्त.’’

वळण घेतले आणि समोरच्या उतारावर तो लाकडी सांगाडा दिसला. खडकांतून वर आलेले तुळयांचे मोठे मखरच म्हणा ना. सभोवती सरकारने कुंपण घातले आहे. आत शिरायला मनाई. ५०० फूट खोल गेलेला तो दांडगा खड्डा, जुनी पोखरलेली जमीन, आत कोंडलेली विषारी हवा. जुन्या खाणीत डोकावण्याची हौस जिवावर बेतू शकते. गंजका पत्र्याचा डबा दिसला तरी उचलायचा नाही, असाही नियम. नातीने एक चकाकणारा खडा उचलला होता, तो आजीने परत जागेवर ठेवायला लावला. दुसऱ्याच्या सोन्याला हात लावू नये, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. आपल्याला मिळत नाही तो भाग निराळा.

तो सांगाडा म्हणजे दगड कांडायची गिरणी. तिचे काम पाहिले तर आपल्या उखळ-मुसळाचेच. शेकडो पौंड वजनाची लोखंडी मुसळे एका ओळीत उभी. वाफेच्या इंजिनाने फिरणारा दांडा ती आळीपाळीने उचली आणि खालच्या दगडांवर सोडून देई. दगडांचे पीठ झाले की ते पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहू द्यायचे. माती वाहून जाते, सोने पाऱ्याला धरून बसते. तो पाऱ्याचा आणि सोन्याचा गोळा खरवडून काढायचा, तापवायचा. पारा उडून जातो, सोने राहते. १८९५ साली जे. डी. रायन नावाच्या धनवान गुरेवाल्याने लँगच्या भागीदारांचे हिस्से विकत घेतले आणि ही १० मुसळांची गिरणी उभी केली. रात्रंदिवस तिची धडधड त्या खोऱ्यात घुमत असे. सोने नेऊन तिकडून सामान आणायचे तर बॅनिंग गावापर्यंत जाऊन-येऊन १३० मैल, घोड्यांच्या गाडीला पाच दिवस.

‘‘किती सोनं निघालं हो?’’ सौ.ने मुद्द्याचा प्रश्न विचारला.

‘‘१८९४ पासून १९३१ पर्यंत १०,००० औंसांच्या वर, आई. शिवाय चांदी १६,००० औंस.’’

‘‘तोळे सांगा.’’

जावईबापूंनी खिशातून फोन काढला. जुन्या तोळ्याच्या मापाने साडेसव्वीस हजार तोळ्यांच्या वर भरले. सौ. बराच वेळ त्या लाकडी सांगाड्याकडे पाहत राहिली. नंतर तिने नकळत आपल्या बांगड्या चाचपल्या. चारच होत्या.

पण मला त्या सोन्यापेक्षा भोवतालचे डोंगर जास्त खुणावत होते. वाटेत खाली बुटके पाइन आणि जुनिपर दिसत होते, इथे ते अगदी तुरळक. इंजिनाच्या भट्टीला लाकूड लागे. साडेतीन मैलांवरच्या विहिरींचे पाणी नळाने इथवर चढवायला दुसरे इंजिन, त्यालाही लाकूड. जवळपासची झाडे सगळी त्या भट्ट्यांत गेली. वाळवंटात एक झाड वाढायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. सव्वाशे वर्षे होऊन गेली तरी तो उतार अजून भरून आलेला नाही. १९०५ साली तर मूळ सोन्याची शीरच हरवली. खणता खणता खडकाला भ्रंश लागला, अलीकडचे थर सरकलेले, आणि पलीकडे शीर कुठे गेली, कोणालाच सापडली नाही. गिरणी थांबली. १९३१ साली कोणी येऊन राहिलेल्या गाळातून सायनाइडने थोडेफार सोने काढले, आपले झारेकरी सराफाच्या दुकानातला केर धुऊन काढतात तसे.

‘‘आणि तो घोडेवाला? जॉनी?’’ मी विचारले.

तिथे दशम्या सोडून आम्ही बसलो होतो. बेबी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, ‘‘त्याचं मी सांगते.’’

रात्रपाळीवर लँगची देखरेख असे. काही दिवसांनी रायनच्या लक्षात आले की, दिवसपाळीचा पारा-सोन्याचा गोळा मोसंब्याएवढा भरतो आणि रात्रपाळीचा लिंबाएवढा. मुसळे तीच, दगड तेच. मग रात्री सोने झोपते की काय? त्याने गुप्तपणे माणूस नेमून तपास केला. लँग चोर निघाला. ‘तुझा हिस्सा १२,००० डॉलरला विकून टाक, नाही तर तुरुंगात जा,’ असे रायनने बजावले. लँगने हिस्सा विकला. पण तो हा मुलूख सोडून गेला नाही. जवळच्याच एका दरीत राहिला आणि खाण बंद पडल्यावर पुन्हा इथल्या झोपडीत येऊन राहिला. चोरलेले सोने त्याने कुठेतरी पुरून ठेवले होते आणि लागेल तसे उकरून तो बिल कीज नावाच्या शेजाऱ्याला विकत असे, असे सांगतात. शेवटी तो थकला. १९२५ च्या हिवाळ्यात घरातले खायचे संपले. तेव्हा खोपटाच्या दाराला त्याने एक चिठ्ठी लावली. शिधा आणायला जातो आहे, लवकरच परत येईन, एवढाच मजकूर. आणि तो चालत निघाला.

‘‘मग आला परत?’’ नातीने विचारले.

‘‘नाही, राणी. थंडीनं वाटेतच गेला. दोन महिन्यांनी बिल कीजला सापडला. त्यानंच त्याला तिथं पुरलं.’’

‘‘पण चिठ्ठी होती ना, येणार म्हणून?’’

बेबीने उत्तर दिले नाही. ती डब्याचे झाकण लावू लागली. ते काही केल्या नीट बसेना.

उतरताना जावईबापू, सौ. आणि नात पुढे गेले. माझे गुडघे उताराला कुरकुरतात, म्हणून बेबी माझ्या बरोबर मागे राहिली. थोडे अंतर आम्ही न बोलताच चाललो. मग ती म्हणाली, ‘‘बाबा, आईनं सांगितलंय मला. त्या कागदाचं.’’

‘‘कधी?’’

‘‘तुम्ही आलात त्याच रात्री.’’

म्हणजे तीन आठवडे तो काढा मी उगाच प्यालो! मी तसे म्हणालो. ती हसली नाही.

‘‘तुम्ही विचाराल म्हणून मी वाट बघत होते. मीच बोलायला हवं होतं. मला तुम्हाला एक सांगायचंय. गेल्या ऑक्टोबरात आम्ही शपथ घेतली, इथल्या नागरिकत्वाची. आपला पासपोर्ट परत केला. फोनवर दर रविवारी सांगेन सांगेन म्हणत होते, पण तुम्ही म्हणायचात, तुझ्या मनीप्लँटला नवं पान आलं. मग जीभच उचलायची नाही.’’

मी काठीने पुढचा दगड चाचपला. खरे सांगतो, वाचकहो, त्या क्षणी मला तिचा राग आला. नागरिकत्वाचा नव्हे, पाच महिने मला अंधारात ठेवल्याचा. पण लगेच आठवले की, माझ्याही बॅगेत औषधांच्या डब्याखाली एक कागद आहे.

‘‘येते म्हणून सांगितलं होतं मी तुम्हाला,’’ ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता.

‘‘अगं, घरातून निघताना ‘जाते’ कोणी म्हणतं का? आजीनं शिकवलं तसं तू म्हणालीस. सगळेच म्हणतात. मी आपला त्याचा हिशेब मांडून बसलो.’’

हे मी तिला म्हणालो खरे. पण वाटते तितक्या सहज नाही. १७ वर्षे मी तिचा तो एक शब्द दाराला लावलेल्या चिठ्ठीसारखा रोज वाचत आलो होतो. तो फाडताना हाताला लागलेच. पण तिने जे म्हटले ते फसवायला म्हटले नव्हते. निघताना तिला खरोखरच यायचे होते. त्या लँगलाही यायचेच होते की!

बेबीने माझा हात धरला. वाट सपाट झाली तरी सोडला नाही.

गाडी मुख्य रस्त्याला लागली तेव्हा जावईबापूंनी थोड्या अंतरावर ती थांबवली. रस्त्याच्या कडेलाच लँगची साधीशी कबर आहे. वाळू, झुडपे आणि वारा. सौ.ने चपला काढून सवयीने हात जोडले.

‘‘अगं, चोर होता तो,’’ मी हळूच म्हणालो.

‘‘असू दे. उपाशी गेला ना बिचारा,’’ ती म्हणाली.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी बॅगेतून कागद काढला. सौ. जागीच होती. ‘‘नको म्हणून लिहा,’’ ती म्हणाली.

‘‘आणि बेबी आली म्हणजे?’’

‘‘बाहेरच्या खोलीत गादी घालू. लेक माहेरी आल्यावर झोपते कुठं? आईजवळ. तिला वेगळी खोली कशाला लागते? आणि त्या पैशांत आपल्याला चार वेळा इकडं येता येईल. गुडघे आहेत तोवर.’’

साऱ्या तपशिलाचा तिने इतका चोख विचार केव्हा केला, हे मला कळेना. दर शनिवारी ती खोली पुसताना केला असावा. मी ‘हवी’वर काट मारली आणि सही केली. सही थोडी वाकडी आली; सेक्रेटरींनी तिला हरकत घेतली नाही.

विमानतळावर बेबी वाकून पाया पडली. ‘‘येतो हं,’’ मी म्हणालो. ‘‘या,’’ ती म्हणाली. या खेपेला कोणीच कोणाला ‘केव्हा’ म्हणून विचारले नाही.

इमारत आता रिकामी झाली आहे. बेबीचे टेबल वॉचमनच्या मुलीला दिले; ती दहावीला आहे. पुस्तके एका वाचनालयाने नेली. मनीप्लँट मात्र सौ.ने फांदी कापून बाटलीत घालून भाड्याच्या जागेत आणला आहे आणि त्याला चांगली मुळे फुटली आहेत. ही दिवाळी आम्ही इथेच करणार. बेबी नातीला घेऊन येते आहे. नऊ दिवसांसाठी, परतीचे तिकीट काढून. बाहेरच्या खोलीतली गादी कापसाची असावी की फोमची, यावर आमच्यात सध्या वाद चालू आहे, आणि वसुबारसेच्या आत तो मिटला पाहिजे.